दोन बोटांचं शास्त्र

आमच्या मंठ्यात तीन विषयांवर कुणीही ठाम मत देतो: कापूस, राजकारण आणि इंजिन ऑइल. पहिल्या दोहोंत चुकलेलं निदान कळतं तरी. मोंढ्यात भाव फुटतो, मतमोजणी होते. ऑइलचा निकाल लागेपर्यंत इंजिन बसलेलं असतं.

परवा मे महिन्यात भाचा पुण्याहून टर्बो मोटार घेऊन आला. उभी असली तरी पळाल्यासारखी दिसणारी! तिचं ऑइल बदलायचं निघालं आणि आमच्या ओट्यावर परिषद भरली. मिस्त्रींनी जुन्या ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळला, डोळे मिटले आणि नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या सुरात म्हणाले, "गुरुजी, काळं पाणी झालंय याचं. पळणारी गाडी हाय, मधावानी दाट टाका." शेजारच्या नानांना शर्यतीच्या मोटारीचं चित्र असलेला डबा हवा होता. "गाडी भारी, तर तेल भारी!"

"मामा, पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय," भाचा म्हणाला. पण पुस्तकाला विचारतो कोण!

शाळा सुटली तरी माझी खोड सुटलेली नाही, म्हणून सांगतो. त्यातला डब्ल्यू म्हणजे 'विंटर', हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत कसं वाहतं ते सांगतो, नंतरचा शंभर अंशांना किती दाट राहतं ते. मिस्त्रींचं बोट मे महिन्यातसुद्धा सदतीस अंशांच्या वर जात नाही. गेलं तर दवाखाना गाठावा लागेल. मग शंभर अंशांची बातमी त्या बोटाला कशी कळावी? आणि काळं म्हणाल, तर चांगलं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं म्हणून काळं होतं. धुण्याचं पाणी काळं झालं की आपण साबणाला नावं ठेवतो का?

बीएमडब्ल्यूच्या काही एम मोटारींना १०डब्ल्यू-६० सांगितलेलं होतं, कारण ती इंजिनंच तशी घडवलेली. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर मोठा म्हणून तो घालून आपल्याला जास्त दिसत नाही, नाना! टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. तिथे तुमचा मध पोचायचा कधी?

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या जुन्या मोटारीला मी वर्षानुवर्षं दाटातलं दाट ऑइल पाजलं. जिंतूर रस्त्यावर तिने मान टाकली तेव्हा ऑइलची काडी ओढून पाहिली, तर कोरडी ठणठणीत! कोणतं घालावं यावर दहा वर्षं भांडलो. किती उरलंय हे एकदाही पाहिलं नाही.

भाच्याच्या मोटारीत शेवटी पुस्तकातलंच ऑइल पडलं. मिस्त्री अजून थोडे रुसलेले आहेत. मी मात्र आता दर रविवारी माझ्या गाडीची काडी काढून पातळी बघतो. बोटाला ऑइल लागतं, ते चोळून डोळे मिटायचा फार मोह होतो. मग इकडेतिकडे बघतो आणि मुकाट्याने फडक्याला पुसतो.