किलोच्या भावातले ठोकळे

दिवाळीच्या आधी सांगलीच्या विश्रामबागेत घरोघरचे माळे रिकामे होऊ लागले की भंगारवाल्याच्या गाडीवर सगळं प्लास्टिक एकाच भावानं जातं. चिरलेली बादली, पाय मोडलेली खुर्ची, पहिल्या वाढदिवसाची तीनचाकी सायकल आणि तिच्याच शेजारी गाठ मारलेल्या पिशवीत लेगोचे ठोकळे. मुलगा इंजिनिअरिंगला गेलेला असतो, मुलीचं लग्न झालेलं असतं, पिशवी उघडून बघायला कुणाला सवड नसते. ती तराजूत पडते आणि पुढं कुठंतरी दळली जाते. हे थांबायला हवं. त्या पिशवीसाठी भंगारापेक्षा फार चांगला बाजार जगात आहे, आणि तो सांगलीत उभा करायला जे कसब लागतं ते या जिल्ह्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्यानं नेदरलँड्सच्या जाक माथाय या तंत्रज्ञाचा अनुभव आधी समजून घ्यावा. जुन्या लेगोचे मोठे लॉट ऑनलाइन लिलावात निघतात हे पाहून त्यानं एकदा रात्री बऱ्याच लॉटवर बोली लावली आणि तो झोपी गेला. सकाळी पाहतो तर जवळपास सगळे लॉट त्याच्याच गळ्यात. बोली चढी लागली होती, हे त्याला तेव्हा कळलं. बघता बघता त्याच्याकडं दोन टन ठोकळे जमले. त्यानं २०१७मध्ये मांडलेला हिशेब मात्र सोन्यासारखा आहे. सरमिसळ माल सुमारे १० युरो किलो, पूर्ण संच सुमारे ४० युरो किलो, आणि दुर्मीळ किंवा तांत्रिक भाग शेकडो युरो किलो. माल तोच, प्लास्टिक तेच. भावातला सगळा फरक निवडण्याचा.

विटा, खानापूर, आटपाडीकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळी गावांतून बाहेर पडलेले तिथले गलाई व्यावसायिक देशभरातल्या सराफ पेठांमध्ये पसरले. जुने दागिने आटवायचे, पेढीवरची झाडलोटसुद्धा विकत घ्यायची आणि तिच्यातून सोन्या-चांदीचा कण वेगळा काढायचा, हा त्यांचा व्यवसाय. ढिगाचा भाव न बघता ढिगात काय दडलंय ते ओळखायचं, ही त्या व्यवसायाची जान आहे. जुन्या ठोकळ्यांचा व्यापारही नेमका तसाच चालतो, फक्त भट्टीची जागा चादर घेते.

पांढरी चादर अंथरावी, पोतं ओतावं आणि हातानं पातळ पसरावं. सगळ्यात आधी माणसं वेचायची. लेगोची ही इवलीशी माणसं १९७८मध्ये आली आणि आज लॉटमधला निम्मा जीव त्यांच्यात असतो. डोकं, धड, पाय, टोप, हातातली तलवार हे सगळं सुटं झालेलं असतं, ते जुळवावं लागतं. नंतर चाकं, दंतचक्रं, खिडक्या, पारदर्शक तुकडे, छपाई असलेले तुकडे. साधे ठोकळे शेवटी. नवखा माणूस रंगांप्रमाणे ढीग लावतो, आणि तिथंच त्याचा वेळ बुडतो. लाल ढिगात लाल बिजागरी शोधताना डोळे दुखतात. बिजागऱ्यांच्या ढिगात लाल बिजागरी एका नजरेत दिसते. म्हणून आधी आकार, मग रंग.

ठोकळा खरा की नकली हे बघायला भिंग लागत नाही. अस्सल लेगोच्या प्रत्येक गोल उंचवट्यावर बारीक अक्षरांत नाव उठवलेलं असतं. बऱ्याच तुकड्यांच्या पोटात एक छोटा आकडाही असतो. तो आकडा म्हणजे त्या साच्याची ओळख. ब्रिकलिंक नावाची जगभरच्या सुट्या तुकड्यांची ऑनलाइन पेठ २००० साली डॅन जेझेक यांनी सुरू केली आणि २०१९मध्ये खुद्द लेगो कंपनीनं ती विकत घेतली. आकडा हाताशी असला की तिथं तो तुकडा कुठल्या संचात होता आणि सध्या कितीला जातो हे दोन्ही कळतं. विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत बसून भाव ठरवणाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

लॉटचं वयही ओळखता येतं. लेगोनं २००४च्या सुमारास आपला करडा रंग बदलला. त्याआधीचा करडा किंचित पिवळसर, नंतरचा निळसर. दोन्ही करडे एकत्र निघाले तर समजावं की पिशवी एका घरातल्या दोन मुलांनी, किंवा दोन घरांनी भरलेली आहे. पण जुनं आणि नवं एकमेकांत बसणार हे नक्की. २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला, त्या रचनेचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. पासष्ट वर्षांहून जुनी वस्तू सुट्या भागांसकट नव्याला जुळावी, असं घरातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राबद्दल म्हणता येईल?

नकली मालाबाबत थोडं न्यायानं बोललं पाहिजे. पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, आणि ठोकळ्याचा आकार हा आपलं व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवण्याची लेगोची मागणी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये फेटाळली. त्यामुळं लेगोत बसणारे ठोकळे दुसऱ्या कंपनीनं स्वतःच्या नावानं विकणं हा गुन्हा नव्हे. गुन्हा होतो तो संच, खोका, चित्रं सगळं जसंच्या तसं उतरवल्यावर. चीनमधल्या लेपिन या नकली लेगोच्या सूत्रधाराला शांघायच्या न्यायालयानं २०२०मध्ये सहा वर्षांची कैद आणि नऊ कोटी युआनचा दंड ठोठावला तो याच कारणानं. आपल्याकडच्या लॉटमध्ये असे पाहुणे ठोकळे हमखास निघतात. ते वेगळ्या डब्यात ठेवावेत, वेगळ्या नावानं आणि कमी भावात विकावेत. अस्सलच्या पिशवीत मूठभर सरकवून दिले तर ते पहिल्याच गिऱ्हाइकाच्या बोटांना कळतात, आणि सांगली-मिरजेएवढ्या गावात बोभाटा व्हायला आठवडा पुरतो.

खरेदीच्या वेळी ढिगाचा फोटो कधीच पुरेसा समजू नये. माल पसरून फोटो मागावा. दहा किलोंच्या लॉटमध्ये एकही माणूस दिसत नसेल तर आधी कुणीतरी चाळणी मारून गेलाय. हातात घेतल्यावर वास घ्यावा. सिगारेटचा धूर आणि माळ्यावरची ओल प्लास्टिकमधून सहज जात नाही. दातांचे व्रण, पांढऱ्या पडलेल्या कडा, उन्हानं पिवळे झालेले पांढरे ठोकळे हे सगळं वजनात भरतं आणि विक्रीत गळतं. वजनाचा एक अंदाज मनात पक्का असावा: चार बाय दोन उंचवट्यांचा नेहमीचा ठोकळा सुमारे २.३ ग्रॅमचा, म्हणजे किलोला साधारण सव्वाचारशे नग.

कधी कधी झाडलोटीत खरोखरच सोनं सापडतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात डुबॉइस इथल्या गुडविल या दान-दुकानाकडं आलेल्या वस्तूंत एक छोटा मुखवटा निघाला. लेगोच्या बायोनिकल मालिकेतला, १४ कॅरट सोन्याचा. असे ३०च मुखवटे २००१च्या सुमारास बनले होते. लिलावात तो २०२४मध्ये १८,१०१ डॉलरना गेला. ही बातमी वाचून कुणी पोती विकत घेत सुटू नये. रशियातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८७ ते २०१५ या काळातले २,३२२ संच तपासून वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा काढला, त्याचाही हवाला वारंवार दिला जातो. पण तो अभ्यास खोका न उघडलेल्या संचांचा आहे. चादरीवरच्या सुट्या मालाला तो आकडा लावणं म्हणजे गिऱ्हाइकाची आणि स्वतःचीही फसवणूक.

माल आणायचा कुठून? परदेशातून पोती मागवायचा विचार सोडून द्यावा. यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर आपल्या परदेश व्यापार धोरणात निर्बंध आहेत, त्यासाठी खास परवाना लागतो. तेव्हा लॉट देशातलाच हवा: पुण्या-मुंबईच्या सोसायट्या, पुण्याच्या मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि आपलं नेमिनाथनगर, गव्हर्नमेंट कॉलनी. वालचंद आणि विलिंग्डन महाविद्यालयांतून शिकून अमेरिकेला गेलेल्यांची मुलं सुट्टीत आजोळी येतात आणि खेळणी मागं ठेवून जातात. त्या घरांच्या माळ्यांवर काय असेल याचा अंदाज करता येतो. कराचा हिशेबही फार जाचक नाही. जीएसटीत नोंदणी झालेल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला, खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल तर, खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच कर भरायची सोय आहे.

एका बाबतीत तडजोड नको. प्लिमथ विद्यापीठातले अँड्र्यू टर्नर यांनी इंग्लंडमधली २०० वापरलेली प्लास्टिकची खेळणी तपासून २०१८मध्ये निष्कर्ष मांडले. कित्येक लाल, पिवळ्या आणि काळ्या खेळण्यांत कॅडमियम, शिसं, ब्रोमीन यांसारखी द्रव्यं सापडली, आणि त्यांत १९७० व १९८०च्या दशकांतले लेगोचे ठोकळेही होते. म्हणून इतका जुना माल संग्राहकाला द्यावा, लहान मुलाच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नये. बाकीचा धुऊनच विकावा. पाणी चाळीस अंशांच्या आत, साबण सौम्य, वॉशिंग मशीन अजिबात नाही, वाळवण सावलीत पंख्याखाली. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. गच्चीवर पसरलेले ठोकळे वाळतील आणि बिघडतीलही.

या सगळ्या खटाटोपाची गरज का, हे नव्या खोक्यावरची किंमत पाहिली की कळतं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर. देशी कारखान्यांना त्यानं बळ मिळालं असेल; पण शंभर फुटी रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये राबणाऱ्या बापानं पोराला लेगो आणावा, अशी ती किंमत उरली नाही. अरविंद गुप्तांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीतल्या काड्यांतून मुलांना रचना शिकवली, पुण्याच्या आयुका संस्थेतून ती खेळणी गावोगावी पोचवली. चांगलं खेळणं महागच असलं पाहिजे हा समज त्यांनी मोडून काढला. जुन्या ठोकळ्यांचा चोख बाजार त्याच रस्त्यानं जाणारा आहे.

निवडीची मेहनत मोठी, हा आक्षेप खरा आहे. माथायनं त्यावर यंत्रच उभं केलं: सरकता पट्टा, वर कॅमेरा, तुकडा ओळखणारी संगणक प्रणाली आणि हवेच्या फुंकरीनं त्याला योग्य डब्यात ढकलणारी नळी. सुरुवातीला प्रत्येक चित्राला हातानं नाव द्यावं लागलं; नंतर यंत्र नाव सुचवू लागलं आणि माणूस फक्त चुका दुरुस्त करत राहिला. ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल वेस्टनं तर २०१९मध्ये दहा हजारांहून अधिक लेगो तुकड्यांतूनच असं निवड-यंत्र बांधलं. विश्रामबागेत १९४७पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मुलांना याहून जवळचा आणि उपयोगाचा विषय कोणता मिळणार?

निवडून झाल्यावर मागं उरतात ते साधे, चार बाय दोनचे, कुठल्याच संग्राहकाला नको असलेले ठोकळे. ते किलोवर बालवाड्यांना आणि शाळांना द्यावेत. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र लेगोचे दुप्पट मापाचे ड्युप्लो ठोकळेच काढून ठेवावेत, कारण लहान तुकडा घशात अडकतो. एका रंगाचे, चार बाय दोनचे सहा साधे ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असं कोपनहेगन विद्यापीठातल्या गणितज्ञांनी मोजलं आहे. आणि किलोभर ठोकळे तीस मुलांच्या वर्गात वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला चौदा येतात.