भाऊजींची जीप

वर्षभर या सदरात आम्ही कुकरची शिटी, पंख्याची कुरकुर, शिवणयंत्राचा तुटणारा धागा असल्या किरकोळ गाऱ्हाण्यांची सुनावणी करीत आलो. दिवाळी अंकासाठी जरा मोठे जनावर धरावे असे मनात होते. ते गेल्या दिवाळीतच सापडले होते. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, आमच्या ताईच्या अंगणात. चार चाके, तीन दांडे, आणि तक्रारी किती त्या ज्याने त्याने मोजून घ्याव्यात.

जीपचे घराणे मूळचे लष्करी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेत विलीस कंपनीने ती सैन्यासाठी बनवली आणि युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांच्या दारात आणून उभी केली. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत तिची जुळणी सुरू केली. भाऊजींची गाडी सीजे-३बी जातीची, १९६५ सालची, पेट्रोलवर चालणारी. हा नमुना १९५३ चा. अमेरिकेत तो १९६८ साली बंद झाला. आपल्याकडे मात्र त्याची भावंडे पुढे कित्येक वर्षे निघत राहिली, म्हणून सुटे भाग आजही मिळतात. तिचे बॉनेट एवढे उंच का, असे भाचरे विचारतात. या इंजिनात पेट्रोल आणि हवा आत घेणाऱ्या झडपा वर, डोक्यात बसवल्या आहेत, आणि धूर बाहेर सोडणाऱ्या खाली, बाजूला. डोके उंच झाले, तेव्हा टोपीही उंच शिवावी लागली.

भाऊजींच्या वडिलांनी ती सरकारी लिलावात घेतली. जुन्या कागदांवर भंडारा जिल्हा आहे, कारण गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. पावसाळ्यात पांदणीत बैलगाडी रुतते तिथून या जीपने धानाची पोती काढली, बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, आणि आमच्या ताईची वरातही तिनेच आणली. त्यामुळे तिच्याबद्दल घरात कोणी हिशेबाने बोलत नाही.

पण गेल्या दिवाळीत हिशेब मांडावा लागला. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. तपासणी मार्गशीर्षात होती, आणि जीप वीस मिनिटे चालून बंद पडत होती. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेटही पुरते न उघडता सांगून टाकले, “इंजिन उतरवावं लागेल. साठ हजार धरून चाला.” त्याच आठवड्यात भंगारवाला फाटकाशी येऊन गेला. पुण्याला नोकरी करणारा भाचा म्हणाला, “बाबा, देऊन टाका आता.” भाऊजी काही बोलले नाहीत. ते जीपचा आरसा पुसत राहिले.

आम्ही गेलो ते फराळाला. पण ताईने चिवड्याच्या बशीबरोबरच विषय पुढे केला, “तू त्या सदरात जगाची यंत्रं नीट करतोस ना? मग घरचं बघ.”

आजारी माणसाला डॉक्टर आधी कापीत नाही, विचारतो. आम्ही भाऊजींना तीनच गोष्टी विचारल्या. तेल किती पिते? तेलाची काडी महिन्यात जेमतेम खाली सरकते, म्हणाले. निळा धूर? नाही. मग दट्ट्यांच्या कड्या झिजल्या, इंजिन संपले, हे अनुमान कशावरून? झिजलेले इंजिन तेल पिते आणि धूर ओकते. तिसरा प्रश्न होता, हे रुसणे कधीपासूनचे? भाऊजींनी आठवून सांगितले, दोन पावसाळे झाले. आणि जाता जाता एक वाक्य टाकले: “टाकी भरली की जास्तच रुसते. थोडं पेट्रोल असलं तर बिचारी लांबपर्यंत जाते.”

भरल्या पोटी रुसणारी गाडी! आम्ही ते वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवले.

पेट्रोलच्या इंजिनाला दोन गोष्टी लागतात: पेट्रोल आणि ठिणगी. चालती गाडी एकाएकी थांबली तर दोहोंपैकी काय गेले, हे थांबल्या थांबल्या पाहायचे. थंड झाल्यावर पाहिले तर ती शहाण्या मुलासारखी वागते आणि आपण मूर्ख ठरतो. ताईला आम्ही आधी अंगणातल्या पणत्या आणि पोरांच्या फुलझड्या पार मागल्या दारी न्यायला लावल्या. दिवाळीत पेट्रोलची नळी सोडणाऱ्याने हे पहिले काम करावे, बाकीचे मग. चाकांना पुढे-मागे दगड लावले, हातब्रेक ओढला आणि जीप चालू करून आम्ही सगळे ओट्यावर बसलो. बावीस मिनिटांनी ती आचके देऊन थांबली.

भाच्याच्या हाती एक जादा प्लग दिला होता. इंजिनातला प्लग काढायचा नाही. नाहीतर त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि शेजारीच ठिणगी! एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावायची, तो प्लग इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवून ठेवायचा, हात दूर, आणि कोणीतरी स्टार्टर मारायचा. ठिणगी निळी, चटकदार पडली. म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर निर्दोष. ही दोघे तापल्यावर दगा देतात आणि निवाल्यावर सुधारतात, म्हणून संशय पहिला त्यांच्यावरच जातो.

उरले पेट्रोल. या जीपच्या पंपाला काचेची वाटी आहे. जुन्या लोकांनी किती विचार केला होता पाहा. आत काय चालले आहे ते उघडल्याविना दिसते. वाटी अर्धीअधिक रिकामी! टाकी काठोकाठ, आणि वाटीत दुष्काळ. आम्ही आसनाजवळ जाऊन टाकीचे झाकण फिरवले, तोच ‘सूंऽऽ’ करून हवा आत ओढली गेली. दोन पावलांवर उभा असलेला सालगडी म्हणाला, “दादा, हिले त दम लागला होता!”

अगदी बरोबर. टाकीतून पेट्रोल गेले की त्याच्या जागी हवा यावी लागते, आणि त्यासाठी झाकणाला बारीक वाट असते. ती बंद झाली की टाकीत पोकळी होते आणि पंपाने कितीही ओढले तरी पेट्रोल येत नाही. भरल्या टाकीत हवेला जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. अर्धी टाकी जास्त वेळ तग धरते. दोन पावसाळ्यांपूर्वी मूळचे झाकण कुठेतरी पडले होते आणि दुसऱ्या कुठल्या गाडीचे बंद झाकण त्यावर बसवले होते. ते तपासणीपुरते सैल ठेवून जीप पुन्हा चालू केली. तासभर चालली. भाऊजींनीच मग किल्ली फिरवून बंद केली. साठ हजारांच्या रोगाला औषध एक झाकण. आहे त्या झाकणाला भोक पाडू नका, पेट्रोल उसळून बाहेर येते. त्या गाडीचेच झाकण आणा.

ज्यांच्याकडे डिझेलची जीप आहे त्यांनी ठिणगी शोधीत बसू नये, तिला ती नसतेच. फिल्टर बदलल्यावर डिझेलची गाडी सुरू होईना, तर नळीत हवा शिरली आहे असे समजून फिल्टरवरचा पेच सैल करावा आणि हातपंपाने बुडबुडे संपेतो डिझेल येऊ द्यावे.

रेडिएटरचे फार सांगत नाही. धानाच्या मुलखात मळणीचा कोंडा त्याच्या पापुद्र्यांत जाऊन बसतो आणि गाडी तापते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी सोडले की ओंजळभर कोंडा निघतो. पाण्याचा जोर बेताचा ठेवावा.

दुसरे गाऱ्हाणे दांड्याचे. चारही चाकांना जोर देणारा दांडा एकदा टाकला की परत निघत नसे. भाऊजी त्याला लाथ मारीत. यात दांड्याचा अपराध नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात. या जीपमध्ये पुढच्या-मागच्या दांडीला दांडा जखडून टाकतो, मध्ये फरक सोसणारे काही नाही. चिखलात चाके थोडी घसरून तो फरक फेडतात. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही, मग पीळ साठत जातो आणि दांत एकमेकांना घट्ट चावतात. उपाय असा की सरळ रेषेत चार हात मागे यावे, पीळ सुटतो आणि दांडा बोटाने निघतो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वीच तो काढावा हे उत्तम.

पण भाऊजींचा दांडा बांधीतून सरळ येतानाही अडके, म्हणून आम्ही खडू मागवला. टायरवर एक खूण, जमिनीवर एक खूण. चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी सरळ ढकलायची आणि मापपट्टीने अंतर घ्यायचे. मागची चाके नव्या टायरांची होती, पुढची गुळगुळीत. फेऱ्यात फरक निघाला साडेतीन सेंटीमीटर. भाच्याने तिथेच हिशेब केला: सव्वादोन मीटरचा फेरा, म्हणजे किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे, म्हणजे पंधरा मीटरांवर तफावत! पुढची चाके नि मागची चाके किलोमीटरमागे पंधरा मीटर एकमेकांशी भांडत होती. चारही टायर सारखे हवेत, हे पोराला त्या दिवशी आमच्या व्याख्यानाने नव्हे, मापपट्टीने पटले.

हे खडूचे काम चालू असतानाच मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली दिसली.

तोवर घरात निराळीच गडबड चालली होती. जीप बरी झाली ही बातमी चुलीपर्यंत गेली होती आणि पोरे नवे कपडे घालून नवेगावबांधच्या तलावावर जायला तयार बसली होती. भाऊजींच्या हातात किल्ली होती. दोन वर्षांनी प्रथमच त्यांचा चेहरा हसरा होता. ते म्हणाले, “सकाळी धुतली ना, पाणी असेल.” पाणी उन्हात वाळते; हे बोटाला बुळबुळीत लागत होते. ब्रेकच्या तेलाच्या डब्याचे झाकण काढले, तर पातळी बोटभर उतरलेली.

आजच्या मोटारींत ब्रेकच्या नळ्यांचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा थोडेफार थांबवतो. या जुन्या जीपला मार्ग एकच. एका चाकाची रबरी वाटी फुटली की पायाखालचा पट्टा तळाला जातो आणि चारही चाके मोकळी. भाऊजी म्हणाले, “हळू नेतो. रस्ता सपाट आहे.” आम्ही म्हटले, “भाऊजी, इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. हे बिघडलं तर ती थांबत नाही.” ते चिडले. जावयाच्या... नव्हे, मेहुण्याच्या तोंडून दारातल्या गाडीला नाही ऐकायची त्यांना सवय नव्हती. अंगणात कोणी बोलेना. शेवटी ताई पायऱ्या उतरून आली, तिने त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. धाकटी भाची रडली. पोरे एसटीने गेली, आणि भाऊजी त्या दिवशी जेवायला उशिरा बसले.

ब्रेक आणि स्टिअरिंग यांत घरच्या माणसाने दोष शोधावा, दुरुस्ती जाणत्या मिस्त्र्याकडूनच करून घ्यावी, या मतावर आम्ही ठाम आहोत. शोधायला काही फार लागत नाही. चाळिसाच्या वेगाला स्टिअरिंग थरथरे, ते आम्ही दुसऱ्या दिवशी उभ्या गाडीतच पाहिले. इंजिन बंद ठेवून भाची स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवीत बसली, आणि आम्ही एकेक सांधा न्याहाळला. ज्या सांध्याची एक बाजू हलते नि दुसरी जागेवर राहते, तो चोर. मधल्या त्रिकोणी कोपरात चोर सापडला. मग पुढचे चाक उचलून, खाली लाकडी ओंडके रचून (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नये), चाक वर-खाली धरून डोलवले, डावे खडखडले. आता कोणीतरी ब्रेक दाबायचा. खडखड थांबली तर चाकाचे बेअरिंग सैल. राहिली तर खिळ्याचे बेअरिंग, ज्यावर चाक वळते ते. आमची राहिली.

हे सगळे एका कागदावर लिहून भाऊजी तो कागद गोंदियाच्या एका म्हाताऱ्या मिस्त्र्याकडे घेऊन गेले. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारले, “मग माझ्यासाठी ठेवलं काय?” चारही चाकांच्या रबरी वाट्या, कोपराची बुशिंग, डाव्या खिळ्याची बेअरिंगे आणि पुढचे दोन टायर, सगळे मिळून त्या साठ हजारांच्या निम्म्यालाही पोचले नाही. मार्गशीर्षातली तपासणी पार पडली आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढली. भंगारवाला संक्रांतीला पुन्हा आला होता. ताईने त्याला पाण्याच्या टाकीचा फुटका पत्रा विकला.

पुढच्या चाकांच्या गोळ्यांतून तेल अजून झिरपते. नमद्याच्या नव्या कड्या मागवल्या आहेत. भाचा दर रविवारी पुण्याहून फोन करून आधी जमिनीवर डाग किती मोठा पडला ते विचारतो, आणि मग आईची तब्येत.