घडा की धडा?

बालमित्रांनो, आज आधी एक छोटासा खेळ. 'घडा' आणि 'धडा' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहा आणि वही हात लांब करून धरा. दोन्हींत फरक तो केवढा? 'ध'च्या डोक्यावर डावीकडे एक इवलीशी गाठ असते आणि तिथे शिरोरेषा तुटलेली असते. 'घ'ची शिरोरेषा मात्र सलग. बस्स, एवढंच! पण त्या गाठीपायी एक पाण्याने भरायचा आणि दुसरा वाचायचा. 'भान' आणि 'मान' यांचंही तसंच. 'खंत' मधला अनुस्वार पुसला गेला तर उरतं 'खत', आणि 'चूल'चा उकार कापला गेला तर उरतं 'चल'!

आता तुम्ही म्हणाल, बाई, छापलेल्या पुस्तकात असं कशाला होईल? खरं आहे. पण हल्ली पुष्कळ घरांत कागदाच्या पुस्तकाबरोबर ई-रीडरही आलाय. पाटीएवढं यंत्र, आणि पोटात शेकडो पुस्तकं. त्यातला किंडल हा ई-रीडर पहिल्यांदा २००७ साली अमेरिकेत विकायला आला आणि डिसेंबर २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तकंही मिळू लागली. त्याच्या पडद्यात अगदी सूक्ष्म कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण. विजेच्या इशाऱ्यावर काळे कण वर आले की तो ठिपका काळा दिसतो, पांढरे वर आले की पांढरा. हा पडदा मोबाईलसारखा आतून उजळत नाही. कागदासारखाच, त्यावर पडलेल्या उजेडात वाचायचा. नव्या यंत्रांत कडेला बारीक दिवे असतात, तेही त्याच्या पृष्ठभागावरच उजेड टाकतात.

म्हणजे पडद्यावरचं प्रत्येक अक्षर ठिपक्यांचं. हे नीट समजायला गणिताची चौकटींची वही घ्या. १३ चौकटी उंच असा 'ध' पेन्सिलीने हलकेच काढा. आता जी चौकट अर्ध्याहून जास्त रेषेखाली आली असेल ती पूर्ण काळी करा, बाकीच्या कोऱ्या सोडा. बघा, ती गाठ उरली का? आता तोच 'ध' २४ चौकटी उंच काढा आणि तसंच करा. या वेळी गाठ बरीच स्पष्ट दिसेल.

हे १३ आणि २४ आकडे मी उगीच नाही घेतले, बरं का. पहिल्या किंडलच्या पडद्यावर एका इंचात १६७ ठिपके होते. आता बऱ्याच ई-रीडरांवर ३०० असतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तर दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराच्या वाट्याला किती ठिपके आले? करा भागाकार! पहिल्या पडद्यावर साधारण १३ आणि नव्यावर साधारण २४.

मग नव्या पडद्यावर तरी अक्षर फिकं, किडकिडीत का दिसतं? त्यालाही कारण आहे. पूर्वी शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापत. कागदावर दाब पडला की शाई थोडी पसरायची आणि बारीक रेषा आपोआप भरदार व्हायची. खिळे कोरणारे कारागीर हे ओळखूनच रेषा बारीक ठेवत. पडद्यावर शाई पसरतच नाही. त्यामुळे कागदासाठी काढलेलं नाजूक वळण तिथे अशक्त दिसतं. जी रेषा एका ठिपक्याहूनही बारीक, ती करड्या रंगाची होते.

याचा त्रास कोणाला होतो, सांगू? नुकतं वाचू लागलेल्या मुलांना. मोठी माणसं अर्धा शब्द पाहून पुढचा ओळखतात. लहान मूल एकेक अक्षर लावत जातं. आमच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा पाठ्यपुस्तक घडाघडा वाचायचा, पण घरच्या ई-रीडरवर दर ओळीला अडखळायचा. घरचे म्हणायचे, "याचं लक्षच नसतं." अक्षर थोडं मोठं आणि जाड करून दिलं, ओळींमधलं अंतर वाढवलं, तर तेच पान त्याने एका दमात वाचलं. 'मला वाचताच येत नाही' असं एखाद्या मुलाला वाटू लागलं, तर ते पुस्तकापासूनच दूर पळतं. म्हणून आई-बाबांना माझं सांगणं आहे, मुलाला बोल लावण्याआधी अक्षर तपासा.

अक्षर बदलता येतं का? येतं ना! कॉम्प्युटरमधल्या अक्षरांच्या संचाला फॉन्ट म्हणतात. त्यात अक्षराची फक्त बाह्यरेषा असते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे बिंदू आणि ते जोडणाऱ्या वक्ररेषा. किंडलच्या नव्या यंत्रांत आणि कोबो नावाच्या ई-रीडरमध्ये आपल्या पसंतीचा फॉन्टही घालता येतो. यंत्र कॉम्प्युटरला जोडायचं आणि 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये त्याची फाईल ठेवायची. तो फॉन्ट पडद्याला मानवेल असा करण्यासाठी 'फॉन्टफोर्ज' नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. मोठ्या ताई-दादाला सोबत घेऊन तीन गोष्टी करा.

पहिली, रेषा किंचित जाड करा. पण किंचितच! फार जाड केली तर 'ध'ची गाठ आणि 'भ'चं वेटोळं बुजून जाईल आणि रोगापेक्षा औषध भयंकर व्हायचं.

दुसरी, वर-खाली जागा सोडा. इंग्रजी अक्षरापेक्षा आपल्या अक्षराचा पसारा मोठा. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. फॉन्टमध्ये ओळीची उंची कमी धरलेली असेल तर उकाराचे पाय कापले जातात.

तिसरी, वळण मराठी आहे ना, ते पाहा. आपल्या 'ल'ला दोन पाकळ्या असतात आणि 'श'ला देठ असतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी हीच वळणं ठरवून दिली. हिंदीतलं वळण वेगळं. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि पुस्तकाच्या फाईलमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदलेली असेल तर आपलं वळण पुढे येतं. 'टिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये तर ते आधीपासूनच आहे.

काम झालं की परीक्षा घ्या. 'किल्ला', 'कर्तृत्व', 'ज्ञानेश्वर', 'पंक्ती', 'तऱ्हा' हे शब्द वाचून पाहा. गंमत अशी, की 'कि' लिहिताना कॉम्प्युटर आधी 'क' साठवतो आणि मग वेलांटी. ती 'क'च्या आधी नेऊन दाखवायचं काम फॉन्ट आणि यंत्र मिळून करतात. वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर तुटून मध्येच पाय मोडलेला दिसला, तर तो फॉन्ट त्या यंत्राला मानवत नाही असं समजा आणि मूळचाच ठेवा.

आणि एक महत्त्वाचं. फॉन्ट कोणीतरी महिनोन् महिने खपून काढलेला असतो. तो विचारल्याशिवाय बदलायचा नाही. मात्र काही जण स्वतःहूनच परवानगी देऊन ठेवतात. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा असाच. 'ओपन फॉन्ट लायसन्स' नावाच्या परवान्याखाली तो वापरता येतो, बदलता येतो, मित्राला देताही येतो. पण नुसता फॉन्ट विकायचा नाही, बदललेला फॉन्ट दुसऱ्याला देताना तोच परवाना ठेवायचा आणि मूळ नाव राखून ठेवलेलं असेल तर आपल्या फॉन्टला वेगळं नाव द्यायचं. दुसऱ्याच्या निबंधावर आपलं नाव घालत नाही ना आपण? तसंच हे.

ज्यांच्या घरी ई-रीडर नाही त्यांनीही हिरमुसू नका. चौकटींची वही आहेच की! त्यात 'थ' आणि 'य', 'भ' आणि 'म' काढा. कमीत कमी किती चौकटींत ते वेगळे ओळखू येतात, ते शोधून काढा. घरातल्या आजीला लांबून दाखवा आणि कोणतं अक्षर ते विचारा. तिला ओळखता आलं, की समजा तुमचं अक्षर पास!