बायांना विचारल्याशिवाय दवाखाना कसा ठरवता?

वाडीवाडीच्या बैठकीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "आधी दळी जमिनीचा निकाल लागू द्या, मग आरोग्याचं बघू." हे म्हणणारे आपलेच कार्यकर्ते आहेत, म्हणून स्पष्ट बोलायला हवं. मोर्चात पुढे कोण? बाया. दळीवरचं पीक उपटायला वनखात्याची माणसं आली की आडव्या कोण होतात? बायाच. मग अंगात रक्त नसलेली, तापाने फणफणलेली बाई किती दिवस तहसील कचेरीच्या पायऱ्या चढणार?

सरकारचा कागद तर चोख आहे. आदिवासी भागात ३००० लोकांमागे एक उपकेंद्र, २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पण उपकेंद्र कुठे असावं, नर्सबाईने कधी यावं, हे ठरवताना कातकरणीला कुणी विचारलं? विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, दिवाळीनंतर वाडी रिकामी होते, माणसं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात. पोरांना लस टोचायची तर भातकापणीच्या आत टोचा, राहिलेले डोस भट्टीवर येऊन द्या. ओस वाडीत येऊन "लोक सहकार्य करत नाहीत" असा शेरा कसला मारता? ऑपरेशनच्या केसेस पाहिजे असल्या की मात्र जीप बरोब्बर वाडीपर्यंत चढते!

१९७७ साली हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमला, महिना ५० रुपयांवर. बहुतेक पुरुषच. अंगावरून जातंय हे बाई त्याला सांगणार होती काय?

"अडाणी बायांना काय कळतं," म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं मांडवा आठवावं. अलिबाग तालुक्यात तिथे मुंबईच्या डॉ. अंतियांच्या संस्थेने तीसेक गावांतल्या, जेमतेम शिकलेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, क्षयाच्या रोग्याला गोळ्या पोचवणं, गरोदर बाईची नि बाळाची काळजी, हे सगळं त्या करू लागल्या. बाईच्या पाठीवरचा चट्टा बाईलाच दिसतो, त्याला डिग्री लागत नाही.

मग ते काम टिकलं का नाही? बायांच्या हातात ज्ञान आलं ते गावच्या पुढाऱ्यांना आणि सरकारी आरोग्य यंत्रणेला रुचलं नाही. आणि बायांच्या पाठीशी संघटना नव्हती. आमच्या मते खरी गोम इथे आहे. आपल्याकडे संघटना आहे, मग वाट कुणाची बघता?

येत्या बैठकीच्या आधी प्रत्येक वाडीत बायांनी वेगळं बसावं. म्हातारी सुईण असेल तिला पुढे बसवा, कुठली बाळंतीण का दगावली ते तिला पाठ असतं. नर्सबाई कुठल्या दिवशी यावी, डोलीची वाट कुठे तुटते, भट्टीवर कोणकोण जाणार, हे बायांनीच ठरवून लिहून द्यावं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. तो कागद जमिनीच्या निवेदनाला जोडूनच जाईल. आणि तो वाचून दाखवायला पुरुष कार्यकर्त्याने उठू नये.