पशुवैद्याची सनद

जो रुग्ण आपली व्यथा बोलून दाखवू शकत नाही आणि ज्याला आपला वैद्य निवडण्याचीही मुभा नाही, त्याच्या वतीने वैद्याच्या योग्यतेची हमी राज्यसंस्थेने घेतली पाहिजे, हे तत्त्व भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या मुळाशी आहे. रवंथ थांबले आहे, कान थंड लागतात, नाकपुडी कोरडी पडली आहे, एवढ्या खुणांवरून गाईच्या देहातील विकार ताडणे हे दीर्घ अध्ययनाचे काम असल्यामुळेच, पदवी घेऊन ज्याचे नाव परिषदेच्या नोंदवहीत दाखल झाले आहे त्यालाच पशुवैद्यकाचा व्यवसाय करण्याचा अधिकार या कायद्याने दिला.

हा अधिकार म्हणजे एका वर्गाची मिरासदारी, असा आक्षेप घेतला जातो. परंतु गोठ्यात झालेली चूक गोठ्यातच राहत नाही, हे आक्षेपकांच्या ध्यानात येत नाही. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली आणि त्यांची संख्या इतकी झपाट्याने घटली की, २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. कासदाहावर प्रतिजैविक टोचल्यानंतर ठरावीक काळ दूध बाजूला काढावे, हे सांगणारा कोणी नसेल, तर त्या औषधाचा अंश शहरातील बालकाच्या पेल्यापर्यंत पोचतो. उलट, शतकानुशतके गोठे ओस पाडणारी बुळकांडी २०११ साली पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, ते पशुवैद्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या सेवकांनी गावोगाव केलेल्या लसीकरणाचे आणि काटेकोर टेहळणीचे फळ होय.

या सेवकांचा विचार कायद्यानेही केला आहे. पदविका वा प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाला किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची परवानगी राज्य सरकार हुकमाने देऊ शकते. मात्र ती सेवा नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार झाली पाहिजे, अशी अट आहे. डोंगराआडच्या वाडीवर म्हैस अडली असता मध्यरात्री धावून जाणारा पर्यवेक्षक कृतज्ञतेस पात्र आहे. पण ज्या दवाखान्यात पशुवैद्याचे पदच रिकामे आहे, तेथे देखरेख कोणी करावयाची आणि निर्देश कोणी द्यावयाचे? अशा ठिकाणी कायद्याची अट केवळ दप्तरात उरते, आणि जे आपल्या शिक्षणाच्या आवाक्यापलीकडचे आहे त्याचा भार पर्यवेक्षकाच्या माथी येऊन पडतो.

म्हणून पर्यवेक्षकांवर फौजदारीचा बडगा उगारण्यापूर्वी शासनाने आपले कर्तव्य बजावावे. पशुवैद्यांच्या रिक्त जागा भराव्यात. १९६२ या क्रमांकावर मागवता येणारी फिरती पथके दुर्गम तालुक्यांना प्रथम पुरवावीत. आणि पर्यवेक्षकाने केलेल्या प्रत्येक उपचाराच्या नोंदीत निर्देश देणाऱ्या पशुवैद्याचे नाव व नोंदणी क्रमांक लिहिण्याची सक्ती करावी, म्हणजे जबाबदारी कोणाची हे पशुपालकालाही कळेल. पात्र वैद्यावाचून इतरांचे उपचार घेऊ नका, असे शेतकऱ्याला बजावणाऱ्या शासनावर तो वैद्य त्याच्या गोठ्यापर्यंत वेळेवर पोचविण्याचे बंधन आपोआपच येते, आणि हे बंधन पाळले गेले तरच पशुवैद्याच्या सनदेला अर्थ राहील.