पिवळी कण्हेर ही करवीर नव्हे

देवालयाच्या आवारात पिवळ्या कण्हेरीचे झुडूप नाही, असे गाव विरळाच. बिट्टी या नावानेही ती सर्वांच्या परिचयाची आहे. हीच आपल्या शास्त्रग्रंथांतील करवीर होय, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. हे मत चुकीचे तर आहेच. परंतु ते अपायकारकही आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम झाडांकडेच पाहू. खऱ्या कण्हेरीची पाने बहुधा एकेका पेरावर तीन-तीन येतात. फुले पांढरी, गुलाबी वा तांबडी. शेंगा लांबट, आणि त्या फुटून केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. बिट्टीचे पान अरुंद व एकेकटे. फूल नरसाळ्यासारखे, पाकळ्या एकमेकींवर पिळलेल्या. फळ हिरवे, मांसल, पिकल्यावर काळे, आणि आत कठीण आठळी. दोन्हींचे कुळ एक, गोत्र भिन्न. बिट्टीचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. कोलंबस त्या खंडाला पोहोचला १४९२ साली. मग त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘पीत’ करवीराचा उल्लेख सापडला, तरी तो या झाडाचा कसा ठरावा?

परदेशची म्हणून ती उपटून टाका, असे म्हणणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा आणि देवळापुढचा देवचाफाही अमेरिकेचाच. देवाने त्यांना परके मानल्याचे ऐकिवात नाही. भक्तीला जन्मदाखला लागत नाही. सत्याची चाड मात्र लागते.

खरा प्रश्न विषाचा आहे. १७५३ साली लिनियसने या झाडाला ‘सर्बेरा’ या गणात घातले. ग्रीक पुराणांतील पाताळाच्या दारावरच्या कुत्र्याचे हे नाव. विषारीपणामुळेच ते या गणाला मिळाले. बिट्टीच्या चिकात, पानांत, फुलांत आणि सर्वाधिक बियांत थेवेटिनसारखी द्रव्ये असतात. ती थेट हृदयावर आघात करतात. ठोके मंदावतात, लय बिघडते, प्रसंगी प्राण जातो. आणि याच बिया आपली मुले सागरगोट्यांसारख्या खेळतात! देवाच्या माथ्यावरचे तेच फूल निसटून तीर्थाच्या पात्रात पडते!

यावर कोणी म्हणेल, देवाला वाहिलेले विष बाधत नाही. ही श्रद्धा नव्हे, आळस आहे. शंकराने हलाहल प्राशन केले ते जगाचे रक्षण करण्यासाठी. त्याचा दाखला देऊन आपण लेकरांच्या हाती विष ठेवावे काय?

देवस्थानांच्या व्यवस्थापकांकडे आमचे मागणे थोडे आहे. झुडूप कुंपणाच्या कडेला, मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर असावे. पडलेली फळे रोज वेचून पुरावीत. फूल वाहिले तरी ते तीर्थ, नैवेद्य व प्रसाद यांपासून वेगळे राहावे. झाडाजवळ ‘विषारी’ अशी पाटी असावी, आणि कोणी बी खाल्ल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

एवढे केल्याने देवाची पूजा उणी होणार नाही. एखादे मूल वाचले, तर तीच खरी पूजा.