आरोग्यदायी खाण्याची आश्वासने आणि साखरेचा हिशेब

ब्रिटनमधील सर्वात मोठी सुपरमार्केट साखळी टेस्कोने 2021 मध्ये जाहीर केले, की 2025 पर्यंत आपल्या विक्रीतला आरोग्यदायी पदार्थांचा वाटा 58 वरून 65 टक्क्यांवर नेऊ. कंपनीला हे आपणहून सुचले नव्हते. शेअरअॅक्शन ही संस्था आणि काही गुंतवणूकदारांनी वार्षिक सभेसाठी ठराव दाखल केला, तेव्हा आश्वासन आले. मग ठराव मागे घेतला गेला.

पण 'वाटा' हा शब्द फसवा आहे. समजा, दुकानाने 100 पाकिटे विकली, त्यात 60 चांगली. पुढच्या वर्षी 120 विकली, त्यात 75 चांगली. वाटा 60 वरून साडेबासष्ट टक्के झाला, कंपनीची वाहवा झाली. वाईट पाकिटे मात्र 40 ची 45 झाली!

स्वेच्छा आणि सक्ती यांतला फरक ब्रिटनमध्येच मोजला गेला आहे. बिस्किटे, केक, चॉकलेट यांसारख्या पदार्थांतली साखर 2020 पर्यंत 20 टक्क्यांनी कमी करा, असे सरकारने उत्पादक आणि दुकान साखळ्यांना सांगितले. ना कर, ना दंड. 2015 ते 2020 या काळात घट झाली साधारण साडेतीन टक्के. शीतपेयांवर मात्र 2016 मध्ये कर जाहीर झाला आणि एप्रिल 2018 पासून लागू झाला. 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅम किंवा जास्त साखर असली की कर. अनेक कंपन्यांनी तो लागू होण्याआधीच साखर कमी केली. त्याच पाच वर्षांत कराच्या कक्षेतल्या पेयांतली साखर सुमारे 46 टक्क्यांनी उतरली.

कारण साधे आहे. एकट्याने गोडवा कमी केला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. म्हणून तर 2016 मध्ये ब्रिटिश दुकानदारांच्या संघटनेनेच सर्वांना सक्तीची उद्दिष्टे द्या, अशी मागणी केली होती. कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा ही मागणी मला जास्त प्रामाणिक वाटते.

आपल्याकडेही हाच अनुभव उपयोगी आहे. जानेवारी 2022 पासून तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आली, ती नियमाने; कुणाच्या शपथेने नव्हे. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटावर ताऱ्यांची श्रेणी छापण्याचा मसुदा काढला. 'साखर जास्त' असा थेट इशारा त्यात नव्हता. वस्तीतल्या दुकानात पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात, पोरे शाळेत जाताना त्यातलेच एक तोडून घेतात. त्या पाकिटावर तारे हवेत की इशारा, हे कंपन्यांना विचारून ठरवायचे का?